आपण फक्त फिरायला आलोय

आमच्या टीमच्या एक्सेल शीटमध्ये सांतियागो शहराच्या वाट्याला अकरा ओळी आल्या होत्या. डिसेंबर २०२३मधला दुसरा शनिवार. चिलीतल्या सहा आठवड्यांच्या मुक्कामात मिळालेला पहिला पूर्ण मोकळा दिवस. आधीचे सगळे शनिवार गो-लाइव्हनं खाल्ले होते. पुण्याहून गेलेले आम्ही सहा जण. शीटमध्ये वेळ, ठिकाण, मेट्रो स्टेशन, तिकीट आणि 'फोटो स्पॉट' असे रकाने होते. शाकाहारी जेवण कुठे मिळेल याचा टॅब वेगळा. शीट मीच बनवली होती, हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी ज्यांच्याशी भांडणार आहे त्यांच्यात मीही आहे.

ओळ क्रमांक तीन : ला मोनेदा, २० मिनिटं, गार्ड बदलण्याचा सोहळा, फोटो.

ला मोनेदा म्हणजे चिलीचा राष्ट्राध्यक्षांचा वाडा. मूळची टांकसाळ, म्हणून नाव 'मोनेदा', म्हणजे नाणं. १८०५मध्ये सुरू झालेली, दोन मजली, बसकी, देखणी इमारत. शहर पायी दाखवून शेवटी ज्यानं त्यानं मनाला येईल तेवढे पैसे द्यायचे, अशा एका सहलीत आम्ही सामील झालो होतो. गाईड मुलगी आम्हाला समोरून वळवून मोरांदे नावाच्या बाजूच्या रस्त्यावर घेऊन गेली आणि एका साध्या दारापाशी थांबली. दाराचा क्रमांक ८०. ती म्हणाली की पूर्वी राष्ट्राध्यक्ष मानवंदनेचा तामझाम टाळून या दारानं ये-जा करत. ११ सप्टेंबर १९७३ला लष्करानं उठाव केला, हवाई दलाच्या हॉकर हंटर विमानांनी याच वाड्यावर बॉम्ब टाकले (लोंगेवालाच्या लढाईमुळे आपल्याला माहीत असलेली तीच विमानं), आणि निवडून आलेले अध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांचा मृतदेह या दारातून बाहेर काढला गेला. त्यांनी आत स्वतःवर गोळी झाडली होती. पुढे वाड्याची डागडुजी करताना लष्करी राजवटीनं हे दारच नाहीसं केलं. तिथे नुसती भिंत उरली. २००३मध्ये, उठावाला तीस वर्षं झाली तेव्हा, रिकार्दो लागोस यांच्या सरकारनं ते पुन्हा उघडलं.

ती हे सांगत असताना आमच्यातला एक जण मराठीत पुटपुटला, "चला, राजकारण सुरू झालं." आणि आमचा लीड, जो एरवी अतिशय समंजस माणूस आहे, घड्याळ बघत म्हणाला, "आपण फक्त फिरायला आलोय रे. पुढे चला."

माझं भांडण या वाक्याशी आहे.

हे वाक्य आपण कुठेकुठे ऐकतो ते आठवून बघा. सहलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा पहिला नियम : राजकारण नको. 'दोन दिवसांत अमुक शहर' छापाच्या मराठी व्हिडिओंमध्ये पाणी किती रुपयांना पडलं हे असतं, मेट्रो किती स्वच्छ हे असतं, आपल्याकडे असं का नाही हा उसासा असतो. मेट्रो कुणी बांधली, तिच्या भाड्यावरून काय झालं, हे नसतं. चिलीत तर ते टाळणं अवघडच आहे. ऑक्टोबर २०१९मध्ये गर्दीच्या वेळचं मेट्रोचं भाडं ३० पेसोंनी वाढलं, शाळकरी मुलामुलींनी फिरत्या दांड्यांवरून उड्या मारून फुकट प्रवास सुरू केला, आणि काही दिवसांत सगळा देश रस्त्यावर आला. लोक म्हणत होते, प्रश्न ३० पेसोंचा नाही, ३० वर्षांचा आहे. म्हणजे हुकूमशाही जाऊनही तिनं लादलेली पेन्शन, शिक्षण आणि आरोग्याची व्यवस्था तशीच राहिल्याचा. पोलिसांच्या छऱ्यांनी आणि अश्रुधुराच्या नळकांड्यांनी चारशेहून जास्त लोकांच्या डोळ्यांना इजा झाली. त्याच आंदोलनातून नवी राज्यघटना लिहायचं ठरलं. आम्ही गेलो तेव्हा दुसऱ्या मसुद्यावरचं सार्वमत आठवड्यावर आलं होतं आणि खांबाखांबावर 'बाजूनं' आणि 'विरोधात' अशी पत्रकं होती. आमच्यापैकी एकानं कॅथेड्रलच्या फोटोतून ती पत्रकं मोबाइलवर बोट फिरवून पुसून टाकली. फोटो खरंच छान दिसायला लागला.

'राजकारण नको' म्हणणारा माणूस तटस्थ असतो, असा आपला समज आहे. प्रत्यक्षात तो संपादन करत असतो. अकरा ओळींची शीट बनवणं म्हणजे सत्तर लाख वस्तीच्या शहरातून अकरा गोष्टी ठेवणं आणि बाकी सगळं गाळणं. सॉफ्टवेअरवाल्यांना तरी हे सांगायला लागू नये. फिल्टर लिहिणारा माणूस काय दिसेल हे ठरवतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की जे दिसतंय ते सगळं एवढंच आहे. माझ्या फिल्टरनं ला मोनेदातला गार्ड बदलण्याचा सोहळा ठेवला आणि मोरांदे ८० गाळलं. सोहळा लष्कराच्याच मानवंदनेची परंपरा पुढे चालवतो, दार लष्करानं काय केलं ते सांगतं. यातलं 'राजकारण नसलेलं' नेमकं कुठलं?

यावर लगेच येणारा आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो त्याच दिवशी दुपारी माझ्या तोंडावर फेकला गेला. सुट्टीच्या दिवशी माणसानं रक्तपात का बघावा? माझा उलट प्रश्न असा : आपण रक्तपात बघत नाही असं कुणी सांगितलं? पुण्यात पाहुणा आला की आपण त्याला शनिवारवाड्यावर नेतो. तिथे ३० ऑगस्ट १७७३ला नारायणराव पेशव्याचा खून झाला. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा, मारेकरी मागे लागलेले, 'काका मला वाचवा'. हे आपण पाहुण्याला आवाज खाली आणून, रंगवून सांगतो, वर अमावास्येच्या रात्री हाक ऐकू येते हेही जोडतो. त्याला कुणी राजकारण म्हणत नाही. खरं तर राजगादीसाठी झालेल्या खुनाइतकं राजकारण दुसरं कुठलं असेल? फरक एवढाच की तो अडीचशे वर्षांपूर्वीचा आहे, आणि ज्यांना त्याचं उत्तर द्यावं लागेल असं कुणी उरलेलं नाही. जुन्या रक्ताला आपण इतिहास म्हणतो आणि तिकीट लावतो. ज्याचे नातेवाईक अजून जिवंत आहेत त्या रक्ताला राजकारण म्हणतो आणि घड्याळ बघतो.

आणि रक्तपाताचं सोडा. मी चार वर्षं पुण्यात इंजिनिअरिंग केलं. दगडूशेठसमोरून किती वेळा गेलो याची गणती नाही. रस्त्याच्या पलीकडे भिडेवाडा होता, जिथे १८४८मध्ये जोतिबा आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. मी तो कधी मान वर करून बघितला नाही. आम्ही चिलीत होतो त्याच आठवड्यात, स्मारकासाठी म्हणून, महापालिकेनं तो मोडकळलेला वाडा रात्रीतून पाडल्याची बातमी आली. ज्या इमारतीसमोर चार वर्षं मिसळ खाल्ली ती मी पहिल्यांदा नीट पाहिली ती सांतियागोच्या हॉटेलात, पाडकामाच्या फोटोत. त्यामुळे 'परदेशात जाऊन कशाला' असं मला कुणी विचारलं तर माझं उत्तर आहे की ही सवय परदेशात लागलेली नाही. ती घरून सोबत आली आहे.

साडेअकराला टीम कोस्तानेरा सेंटरकडे निघाली. तिथला ३०० मीटर उंचीचा मनोरा दक्षिण अमेरिकेतला सर्वांत उंच, खाली प्रचंड मॉल. मी म्हटलं, मी संध्याकाळी टेकडीवर भेटतो.

आलामेदा हा मुख्य रस्ता ओलांडून सान फ्रान्सिस्को चर्चच्या मागे गेलं की लोंद्रेस नावाची छोटी, दगडी फरसबंदीची वळणदार गल्ली लागते. इतकी सुंदर की तिथे लग्नाआधीचे फोटो काढायला लोक येत असतील. ३८ क्रमांकाच्या घरासमोरच्या फरशीत काळ्या-पांढऱ्या दगडांबरोबर लोखंडी पट्ट्या बसवल्या आहेत, त्यावर नावं आणि वयं. वयं वाचत गेलो. बहुतेक माझ्यापेक्षा लहान. हे घर आधी समाजवादी पक्षाचं कार्यालय होतं. उठावानंतर पिनोशेच्या गुप्त पोलिसांनी ते ताब्यात घेतलं आणि तिथे लोकांना डोळे बांधून आणून छळ केला. इथून गेलेली ९८ माणसं मारली गेली किंवा परत मिळाली नाहीत. जे वाचले त्यांनी घर ओळखलं ते डोळ्यांवरच्या पट्टीखालून दिसलेल्या काळ्या-पांढऱ्या फरश्यांवरून आणि जवळच्या चर्चच्या घंटेवरून. पुढे घराचा क्रमांकच बदलून ४० केला गेला. ३८ नावाचं घर नाहीच, तर तिथे काही झालंही नाही.

आत जवळजवळ काहीच नाही. रिकाम्या खोल्या ठेवल्या आहेत. मी वीस मिनिटं होतो. माझ्या शीटमध्ये गार्डच्या सोहळ्याला दिलेली तेवढीच.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. छळघर बघून, उसासा टाकून, बाहेर येऊन कॉफी पिणं हेही एक पर्यटनच. दुसऱ्याचं दुःख हीसुद्धा यादीतली एक ओळ. मला हा आक्षेप मान्य आहे. मी बाहेर येऊन कॉफी नाही, पण 'मोते कोन वेसियो' प्यायलो : शिजवलेले गहू आणि सुकवलेलं पीच घातलेलं गार, गोड पाणी. छान लागलं. तळाचे गहू चमच्यानं खाताना मला स्वतःची थोडी लाज वाटली. पण त्या लाजेचा निष्कर्ष 'म्हणून जाऊच नये' असा निघत नाही. ते घर उघडं ठेवण्यासाठी नातेवाइकांनी आणि वाचलेल्यांनी वर्षानुवर्षं झगडा केला, तो लोकांनी यावं म्हणूनच. आपल्या नाजूक संकोचापायी त्यांची इच्छा मोडणं हा शिष्टाचार नव्हे. संकोच वाटत असेल तर फोटो काढू नये, एवढं पुरे.

तिसरा आक्षेप सगळ्यात लाडका : दोन्ही बाजू बघायला हव्यात. आमच्या टीममधल्या एकानं आधीच वाचून ठेवलं होतं की पिनोशेनं चिलीची अर्थव्यवस्था सुधारली, आणि म्हणूनच इथली मेट्रो अशी चकाचक. बघू या दोन्ही बाजू. आयेंदेंच्या काळात महागाई शेकड्यांच्या टक्क्यांत गेली, दुकानांसमोर रांगा लागल्या, देश दुभंगला. हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. आता पुढचं. मेट्रोचं बांधकाम १९६९मध्ये सुरू झालं, आयेंदेंच्याही आधी. १९७५मध्ये पिनोशेच्या काळात पहिली गाडी धावली, इतकंच. तांब्याच्या मोठ्या खाणींचं राष्ट्रीयीकरण १९७१मध्ये संसदेनं एकमतानं केलं, आणि बाजाराचा जप करणाऱ्या लष्करी राजवटीनंही त्या खाणी सरकारकडेच ठेवल्या, त्या पैशावर राज्य चालवलं. शिकागोला शिकून आलेल्या अर्थतज्ज्ञांचा प्रयोग १९८२मध्ये असा कोसळला की एका वर्षात उत्पन्न सुमारे १४ टक्क्यांनी घसरलं आणि बुडत्या बँका सरकारलाच ताब्यात घ्याव्या लागल्या. दोन्ही बाजू म्हणणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं. बहुतेकदा त्यांना दुसरी बाजू नको असते. पहिली बंद करायची असते.

आणि समजा अर्थव्यवस्था खरोखरच फुलली असती, तर? किन्ता नॉर्माल मेट्रो स्टेशनला लागूनच 'स्मृती आणि मानवी हक्क संग्रहालय' आहे. २०१०मध्ये मिशेल बाचेलेत यांनी त्याचं उद्घाटन केलं. त्या स्वतः आणि त्यांची आई लष्कराच्या कैदेत होत्या, वडील कैदेत वारले. प्रवेश फुकट. या संग्रहालयावर कायमची टीका अशी की ते ११ सप्टेंबरलाच सुरू होतं, त्याआधी काय घडलं ते सांगत नाही. २०१८मध्ये नवे संस्कृतिमंत्री झालेल्या मौरिसियो रोहास यांनी पूर्वी या संग्रहालयाला बनाव म्हटल्याचं समोर आलं, आणि त्यांना काही दिवसांत पायउतार व्हावं लागलं. मला ती मांडणी बरोबर वाटते. महागाई किती टक्के झाली की माणसाला विजेचे झटके द्यावेत, असं कोष्टक बनवायचं आहे का? चौकश्यांतून अधिकृतपणे मान्य झालेला आकडा असा : तीन हजारांहून जास्त मृत किंवा बेपत्ता, आणि छळ-कैदेतून वाचलेले धरून एकूण बळी चाळीस हजारांच्या वर. तिथे एका उंच भिंतीवर या माणसांचे फोटो आहेत. काही चौकटी रिकाम्या आहेत. त्यांचा फोटोही मिळालेला नाही.

आता मी ज्या ओळीसाठी मुळात उत्सुक होतो तिच्याकडे येतो. ती शीटमध्ये नव्हती, मी गुपचूप ठेवली होती. ला मोनेदाच्या पुढ्यात जमिनीखाली एक सांस्कृतिक केंद्र आहे, आणि त्या दिवसांत तिथल्या प्रदर्शनात सायबरसिनच्या नियंत्रण कक्षाची प्रतिकृती उभी केली होती. सॉफ्टवेअरवाल्यांच्या एका विशिष्ट जातीला या कक्षाचं वेड असतं. मी त्या जातीचा. १९७१मध्ये आयेंदे सरकारनं स्टॅफर्ड बिअर या ब्रिटिश सायबरनेटिक्स तज्ज्ञाला बोलावलं. राष्ट्रीयीकृत कारखान्यांतून टेलेक्सनं रोजचे आकडे येणार, एकुलता एक संगणक त्यातला बिघाड हेरणार, आणि षट्कोनी खोलीत फायबरग्लासच्या सात खुर्च्यांवर बसून माणसं निर्णय घेणार. खुर्चीच्या हातावर मोठी बटणं, शेजारी राखदाणी. भिंतीवरचे आलेख चक्क हातानं काढलेल्या स्लाइड. ऑक्टोबर १९७२च्या ट्रकमालकांच्या संपात याच टेलेक्सच्या जाळ्यानं उरल्यासुरल्या ट्रकांची सांगड घालून शहरात माल पोचवला. उठावानंतर लष्कराला त्या खोलीचं काय करावं कळेना. ती मोडून टाकली.

कीर्तन करायला उत्तम विषय, आणि मी कॉलेजात ते केलंही आहे. पण त्या खुर्च्यांसमोर उभं राहिल्यावर खटकलं तेही सांगायला हवं. कळफलक नाही, कारण पुरुषांना टाइप करता येत नाही आणि मध्ये टायपिस्ट बाई नको, हा हिशोब. कामगारांसाठीच्या या यंत्रणेत कामगारांचा सहभाग बहुतांशी कागदावरच राहिला. डाव्यांची यंत्रणाही अखेर सात खुर्च्यांची खोली.

तरी त्यातली एक गोष्ट मला त्या दिवसापासून सोडत नाही. बिअरच्या रचनेत कारखान्यात काही बिघडलं तर इशारा आधी त्या कारखान्याकडेच जायचा. त्यांना दुरुस्तीसाठी ठरावीक वेळ. त्या वेळेत जमलं नाही तरच इशारा वरच्या पातळीवर. म्हणजे खालच्या माणसाला आपलं घर आपण सावरायची मुभा यंत्रणेतच लिहिलेली होती.

आम्ही चिलीला ज्या कामासाठी गेलो होतो ते गोदामातल्या कामगारांच्या हालचाली मोजणारं सॉफ्टवेअर आहे. हातातल्या स्कॅनरवर ठरावीक मिनिटं काही नोंद झाली नाही की सुपरवायझरच्या पडद्यावर त्या माणसाचं नाव लाल होतं. 'निष्क्रिय वेळ' हा भाग मी लिहिला आहे. माणसाला स्वतःला काही कळत नाही. इशारा थेट वर जातो. हे असंच का, हा प्रश्न मला दीड वर्षात एकदाही पडला नव्हता. डिझाइनच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं होतं, "आपण फक्त टूल बनवतोय, वापरायचं कसं ते क्लायंट बघेल," आणि मी मान डोलावली होती. १९७२मध्ये एका संगणकावर आणि टेलेक्सवर जे सुचलं होतं, ते मला क्लाउडवर सुचलं नाही.

आपण फक्त टूल बनवतोय. आपण फक्त फिरायला आलोय. दोन्ही वाक्यांतला 'फक्त' एकच काम करतो. म्हणून मला शनिवारच्या सहलीवर एवढं लिहावंसं वाटलं. सुट्टीच्या दिवशी जी नजर दारावरून पुढे सरकते, तीच सोमवारी लाल झालेल्या नावावरून पुढे सरकते. सुट्टीसाठी आणि कामासाठी माणूस वेगवेगळे डोळे आणत नाही.

एका दिवसात देश कळतो का? नाही. मला स्पॅनिश येत नाही, चिलीचा मी अभ्यासक नाही. पण एका दिवसात ला मोनेदा ते लोंद्रेस दहा मिनिटं चालता येतं, आणि संग्रहालयाला मेट्रोनं जाता येतं. मनोऱ्याच्या तिकिटाला पैसे पडतात, या तिन्हीला पडले नाहीत. संध्याकाळी सान क्रिस्तोबाल टेकडीवर फुनिक्युलरनं चढून मी टीमला गाठलंच. अँडीज गुलाबी झाला होता आणि आम्ही सगळ्यांनी फोटो काढले. मजा करू नका असं मी म्हणत नाहीये. यादीत एक दार वाढवा, एवढंच म्हणतोय.

आठवड्यानं झालेल्या सार्वमतात चिलीच्या लोकांनी दुसरा मसुदाही फेटाळला. १९८०ची पिनोशेकालीन घटना, अनेकदा दुरुस्त झालेली, तिथे अजून लागू आहे. त्या आधीच्या सोमवारी मी एक तिकीट टाकलं होतं : इशारा आधी कामगाराच्या स्कॅनरवर जावा, पाच मिनिटांनी सुपरवायझरकडे. लीडनं वाचलं, बरं म्हणाला, 'स्कोपबाहेर' असा शिक्का मारून बॅकलॉगमध्ये टाकलं. मी नोकरी सोडलेली नाही. नावं अजून लाल होतात. दर तीन महिन्यांनी बॅकलॉग साफ करायची वेळ आली की ते तिकीट बंद करू का, असा प्रश्न येतो, आणि मी दर वेळी लिहितो : नको, उघडं ठेवा.